गणित झेपलं नाही, म्हणून…

ऑगस्ट 2025 मधला तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. उत्तर समुद्रातला शेल कंपनीचा गॅस काढायचा प्लॅटफॉर्म, त्यावर ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी टांगलेलं 12 मीटर बाय 8 मीटरचं कापड आणि त्यावर ओतलेला 1,000 लिटर लालभडक द्रव. कल्पना शिल्पकार अनिश कपूर यांची. ही कला की आंदोलन, हा वाद ज्याला घालायचा त्यानं घालावा. आम्हा उमरेडकरांच्या उशाशी कोळशाची उघडी खाण आहे. जमिनीच्या पोटातलं काढून घेतलं की मागे काय उरतं, ते आम्हाला चित्रातून कळायला नको.

मला कपूर यांची वेगळीच गोष्ट छळते. मुंबईत 1954 साली जन्मलेला, नौदलात जलसर्वेक्षण करणाऱ्या बापाचा हा मुलगा इस्रायलमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकायला लागला आणि सहा महिन्यांत बाहेर पडला. कारण? गणित जमेना! पुढे लंडनमध्ये कलाशिक्षण, 1991 चा टर्नर पुरस्कार वगैरे सगळं झालं. पण ज्या गणितानं हाकललं, तेच याच्या शिल्पांत ठाण मांडून बसलंय.

शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ घ्या. 10 मीटर उंच, 20 मीटर लांब, जवळपास 100 टनांचा चकचकीत पोलादी दाणा. तिथले लोक त्याला ‘बीन’च म्हणतात. ते का अवघड, हे कळायला एक संत्रं सोला. साल टेबलावर सपाट दाबून बघा. फाटते ना? गोलाई आणि सपाटी यांचं न ताणता, न फाडता जुळत नाही, हे जर्मन गणिती गाऊसनं 1827 मध्ये सिद्ध केलं. पत्रा तर सपाट येतो. म्हणून 168 पत्रे, आणि प्रत्येकाला त्याच्या जागेपुरता वेगळा बाक. सांधे घासून घासून नाहीसे करायला 2006 उजाडलं. खर्च 2 कोटी 30 लाख डॉलर.

आता स्टीलचा चमचा उचला. पाठीमागून बघा, तुम्ही सुलटे आणि बारके. पुढून बघा, उलटे. ‘बीन’ची पाठ फुगीर आणि पोट खोलगट, म्हणून खालून जाणाऱ्याची एकाच्या जागी चार-चार वेडीवाकडी रूपं दिसतात.

उलट खेळ ‘डिसेंट इन्टू लिम्बो’ या कलाकृतीत. अडीच मीटर खोल खड्डा आतून इतका काळा, की जमिनीवर ठेवलेली सपाट चकती वाटावी. खोली आपल्याला उजेड-सावलीवरून कळते. उजेडच गिळला तर अंदाज घ्यायचा कशावरून? पोर्तुगालमध्ये 2018 साली एक प्रेक्षक खरोखरच आत पडला.

कपूर यांचा उदोउदो मला फारसा मानवत नाही. अतिकाळा रंग कलेसाठी एकट्याच्या नावावर करून घेणं तर अगदीच कोतेपणाचं. आणि आकडेमोड शेवटी इंजिनिअरांनीच केली. पण त्या इंजिनिअरांना घाम फोडणारं गणित घातलं कोणी? वर्गातून उठून गेलेल्यानंच. आपल्याकडे गणित म्हणजे उत्तर. ते चुकलं की पोरगं ‘ढ’. आकार डोळ्यांपुढे उभा करणं, त्यावर बोट ठेवून ‘असं का होत नाही?’ विचारणं, याला पेपरात मार्क नाहीत.

संत्रं खाऊन झालं. साल अजून टेबलावर सपाट बसलेली नाही.