अमरगोळच्या वाटेवरील ‘चिगरी’

पुण्याहून आलेला पाहुणा हुबळीत ‘चिगरी’त बसावयास जातो तो प्रथम गोंधळतो दाराने. डावीकडून चढण्याची त्याची जन्माची सवय. येथे फलाट रस्त्याच्या मध्यावर, म्हणून दार उजवीकडे. बससाठी मार्ग राखून ठेवण्याची ही रीत ब्राझीलमधील कुरितिबा नगरीने १९७४ साली पाडली. फलाटावरच तिकीट देण्याची जोड तिला तेथेच १९९१ साली मिळाली. पुण्यानेही २००६ साली स्वारगेट-कात्रज रस्त्यावर राखीव मार्गाचा प्रयोग केला, पण त्यात इतर वाहने शिरत राहिली. हुबळी-धारवाडच्या सुमारे बावीस किलोमीटरांच्या मार्गाचे औपचारिक उद्घाटन २०२० साली झाले. चिगरी म्हणजे कन्नडात हरीण. नाव मोठे समर्पक खरे.

मात्र तिकीट फलाटावर आले आणि वाहक गेला. कन्नड न जाणणाऱ्या पाहुण्याचा तोच तर आधार! आता शेजाऱ्यालाच विचारावे लागते, आणि या जोडनगरीत उत्तर मराठीतून मिळणे काही दुर्मिळ नाही. ‘अमरगोळ आले’ असे कळताच पाहुणा लगबगीने उठतो, आणि डाव्या बाजूला जाऊन उभा राहतो.