संकेतस्थळ विमा परिषदेचे, करार मात्र कंपनीशी

लाइफ इन्शुरन्स कौन्सिल आणि जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या दोन परिषदा, विमा कायदा 1938 नुसार स्थापन झालेल्या. दोन्ही मुंबईत. त्यांच्या संकेतस्थळांवरची माहिती सर्वसाधारण असते आणि ती तशीच वाचावी. तिथे काय लिहिले होते यावर दावा मंजूर होत नाही. दावा ठरतो तो पॉलिसीच्या कागदातल्या अटींवर, अपवादांवर आणि प्रस्ताव अर्जात आपण दिलेल्या उत्तरांवर. म्हणून तिथले काही पटले, तर पॉलिसीत तेच कलम शोधून पाहा.

परिषद पॉलिसी विकत नाही. तिच्या किंवा नियामक 'इर्डाई'च्या नावाने बोनस मिळवून देतो, असा फोन आला तर तो सरळ बंद करावा. पॅन, आधार, ओटीपी काहीही सांगू नये. ज्येष्ठांची आयुष्यभराची बचत अशा फोनांमुळे जाते, हे फार क्लेशकारक आहे.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. सोबत इर्डाईच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर नोंद करता येते, दूरध्वनी 155255. कंपनीने नाकारले, महिनाभर उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत मात्र जायला हवे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पोचपावत्या जपून ठेवा.