कंपनी थांबली, यंत्र चालू आहे

यंत्र कोणाचे? : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण डिजिटल सही समजून घेतली. प्रोग्रॅमसोबत एक गणिती खूण येते, यंत्र ती पडताळते आणि जुळली तरच प्रोग्रॅम सुरू करते. घातक सॉफ्टवेअरपासून ही पडताळणी आपल्याला वाचवते, हे खरे. पण यंत्रावर काय चालावे हे ठरवण्याचा अधिकारही तिच्यामुळेच विकत घेणाऱ्याकडे न येता बनवणाऱ्याकडे राहतो. हा अधिकार एका यंत्रावर कसा बसवला गेला, कसा सुटला आणि सुटल्यामुळे काय वाचले, ते आज पाहू. यंत्र आहे सोनीचा पीएसपी.

खिशातला संगणक, पण परवानगीपुरता

हातात धरून खेळायचा हा गेम कन्सोल १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये आणि मार्च २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. ४.३ इंची रुंद पडदा, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकणारा प्रोसेसर, ३२ एमबी मेमरी, वायफाय आणि १.८ जीबीची यूएमडी चकती. त्या काळात एवढी ताकद खिशात मावणे अपूर्व होते. साहजिकच जगभरच्या हौशी प्रोग्रॅमरांना त्यावर स्वतःचे काही चालवून पाहावेसे वाटले. कंपनीच्या मान्यतेविना लिहिलेल्या अशा सॉफ्टवेअरला होमब्रू म्हणतात.

जपानमध्ये पहिल्यांदा विकलेल्या यंत्रांत १.०० क्रमांकाचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर होते आणि त्यावर सही नसलेला प्रोग्रॅमही चालत असे. अमेरिकेत आलेल्या १.५० मध्ये ती वाट बंद झाली. पण जून २००५ मध्येच त्यावर तोड निघाली. मेमरी स्टिकवर एकाच नावाची दोन फोल्डर करायची आणि एकाच्या नावापुढे टक्क्याचे चिन्ह जोडायचे. एकात मेन्यूला दाखवण्यापुरते वेष्टन, दुसऱ्यात खरा प्रोग्रॅम. मेन्यू तपासायचा एक आणि सुरू व्हायचे दुसरेच.

विश्वासातल्या प्रोग्रॅमकडून काम

ही फट १.५० नंतरच्या फर्मवेअरमध्ये नव्हती. पुढे २.०० मध्ये इंटरनेट ब्राउझर मिळाला. सप्टेंबर २००५ मध्ये त्यावर नवी वाट सापडली ती फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून. टिफ प्रकारच्या चित्राची फाइल मुद्दाम अशी बनवली होती, की ती वाचताना प्रोग्रॅमने राखून ठेवलेल्या जागेत माहिती मावेना. ती शेजारच्या मेमरीवर सांडली, आणि सांडलेल्या भागातच लपवलेल्या सूचना यंत्राने हुकूम समजून पाळल्या.

अशा सगळ्या युक्त्यांचे तत्त्व एकच आहे. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन अनोळखी माणसाला अडवतो. पण आत राहणाऱ्याच कुणाला बाहेरून चिठ्ठी पाठवून काम करून घेतले, तर वॉचमनला पत्ताही लागत नाही. सहीची पडताळणी प्रोग्रॅम सुरू होताना होते. आधीच आत असलेला, कंपनीची सही असलेला प्रोग्रॅम बाहेरून आलेली माहिती वाचताना चुकला, तर त्या चुकीवर पहारा नसतो.

म्हणूनच २००६ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : लिबर्टी सिटी स्टोरीज’ या गेमचा, तर जून २००७ मध्ये ‘ल्युमिनीज’ या कोड्यांच्या गेमचा सेव्ह केलेला डाव वापरून आत शिरता आले. गेम अस्सल, चकती अस्सल. फक्त डावाची फाइल हाताने घडवलेली.

आत शिरले तरी सगळे हाती येत नाही. गेम चालतो तो वरच्या थरात. यंत्राचे खरे नियंत्रण गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असते. वरच्या थरात शिरकाव झाला तर साधे होमब्रू चालते. फर्मवेअरच बदलायचे असेल तर कर्नलमध्येही एक चूक शोधावी लागते. अशा दोन पायऱ्या चढून डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने २००६ पासून कस्टम फर्मवेअर तयार केली. त्यांत सोनीच्या सगळ्या सोयी शाबूत होत्या, सहीची सक्ती तेवढी काढून टाकलेली होती.

बॅटरीतला क्रमांक

ऑगस्ट २००७ मध्ये जे सापडले ते माझ्या मते या इतिहासातले सर्वांत विलक्षण. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते आणि तिच्यात अनुक्रमांक नोंदलेला असतो. हा क्रमांक एका ठरावीक मूल्याचा असेल, म्हणजे त्यातला प्रत्येक बिट १ असेल, तर यंत्र नेहमीच्या अंतर्गत मेमरीतून सुरू न होता थेट मेमरी स्टिकवरून सुरू होते. कारखान्यातल्या दुरुस्तीसाठी सोनीने ठेवलेली ही सोय होती. हौशी लोकांनी ती शोधली आणि साध्या बॅटरीचा क्रमांक बदलून ‘पँडोरा बॅटरी’ तयार केली.

फर्मवेअर बदलताना वीज गेली किंवा चुकीची फाइल लिहिली गेली, की यंत्र सुरूच होत नाही. अशा वेळी ते ब्रिक झाले म्हणतात. तोवर ब्रिक झालेला पीएसपी कंपनीकडे पाठवण्यावाचून बहुतेकांना इलाज नव्हता. पँडोरा बॅटरीने मेलेली यंत्रे घरच्या घरी जिवंत होऊ लागली. पुढे पीएसपी २००० या मॉडेलच्या शेवटच्या काही बोर्डांत आणि नंतरच्या पीएसपी ३००० या मॉडेलमध्ये सोनीने हा मार्ग बंद केला.

शेवटचे मोठे वळण जानेवारी २०११ मध्ये आले. प्लेस्टेशन ३ वर पीएसपीचे काही गेम चालत, त्यामुळे पीएसपीच्या सुरक्षेच्या किल्ल्या त्या यंत्रातही ठेवलेल्या होत्या. प्लेस्टेशन ३ ची सुरक्षा कोसळली तेव्हा त्या बाहेर आल्या. गेल्या भागातल्या सहीत शिक्का मारायची किल्ली वेगळी आणि तपासायची वेगळी होती. पीएसपीच्या गेमसाठी मात्र दोन्ही कामांना एकच गुप्त किल्ली चालत होती. ती हाती येताच होमब्रूवरही यंत्राला मान्य होणारा शिक्का मारता येऊ लागला. साधे होमब्रू चालवायला आता चूक शोधण्याची गरजच उरली नाही.

आज बसवायचे तर

एके काळी फर्मवेअर अपडेट करणे म्हणजे उघडी वाट गमावणे होते. आता उलट आहे. ६.६१ हे पीएसपीचे शेवटचे अधिकृत फर्मवेअर, आणि सध्याची कस्टम फर्मवेअर त्याच्यावरच बसतात.

सुरुवात बॅटरीपासून करा. जुन्या पीएसपीच्या बॅटऱ्या फुगतात. मागचे झाकण उचललेले दिसले तर ती बॅटरी काढा आणि पुन्हा वापरू नका. चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि सगळे काम चार्जर जोडूनच करा, कारण फर्मवेअर लिहिले जात असताना वीज तुटणे हाच खरा धोका असतो. मग सेटिंग्जमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये फर्मवेअरचा क्रमांक पाहा. मेमरी स्टिकवरचे सेव्ह केलेले डाव संगणकावर उतरवून घ्या आणि स्टिक यंत्रातच फॉरमॅट करा, म्हणजे लागणारी फोल्डर आपोआप तयार होतात.

अधिकृत अपडेटची फाइल ‘ईबूट.पीबीपी’ या नावाची असते. ती ‘पीएसपी’ फोल्डरातल्या ‘गेम’मध्ये ‘अपडेट’ नावाचे फोल्डर करून त्यात ठेवायची. ही सर्व नावे यंत्रावर रोमन कॅपिटल अक्षरांत हवीत. मेन्यूतल्या गेम विभागातून ती चालवली की यंत्र ६.६१ वर येते. यानंतर कस्टम फर्मवेअर. प्रो किंवा आर्क-४ यांपैकी एक निवडा, त्याची फोल्डर सूचनेप्रमाणे कॉपी करा आणि तसेच मेन्यूतून सुरू करा.

येथे एक बारकावा आहे. नेहमीच्या पद्धतीने चालवलेले कस्टम फर्मवेअर फक्त चालू मेमरीत राहते. यंत्र झोपवले तर टिकते. पूर्ण बंद केले तर जाते आणि पुन्हा तो प्रोग्रॅम चालवावा लागतो. ते कायमचे बसवण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी अंतर्गत मेमरीत लिहावे लागते. नवशिक्याने तात्पुरत्या पद्धतीवरच थांबावे असे मी आग्रहाने सांगेन. काही बिघडलेच तर यंत्र बंद करून सुरू करायचे, मूळ फर्मवेअर जसेच्या तसे असते.

त्यानंतर प्रत्येक होमब्रू ‘गेम’मध्ये आपापल्या फोल्डरात ठेवले की मेन्यूत दिसू लागते. बुकर नावाचे पीडीएफ वाचायचे साधन, लुआ भाषेत प्रोग्रॅम लिहायला देणारा लुआ प्लेयर, ज्याचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला तो ‘डूम’ हा गेम, असे कितीतरी. स्वतः लिहायचे असेल तर मोफत पीएसपी-एसडीके आहे; सी भाषा येणारा कोणीही त्यात पहिला प्रोग्रॅम करू शकतो.

फाइल कोठून घेता हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. ऑक्टोबर २००५ मध्ये फर्मवेअर जुन्या क्रमांकावर परत नेण्याचे साधन म्हणून एक फाइल पसरली होती. ती प्रत्यक्षात यंत्राच्या गाभ्यातल्या फाइली पुसून पीएसपी ब्रिक करत असे. सहीची पडताळणी काढली, की ती जबाबदारी आपल्यावर येते. अधिकाराबरोबर हे ओझेही स्वीकारलेच पाहिजे.

चोरी वेगळी, मालकी वेगळी

कस्टम फर्मवेअरमुळे चोरलेले गेमही चालतात आणि ते मोठ्या प्रमाणात चालवले गेले, हे सत्य आहे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. शेकडो माणसांच्या कामाचे मोल बुडवणे चूकच. पण दोन्ही गोष्टी एकच नाहीत, हे होमब्रूवाल्यांनीच दाखवून दिले. २०१० मध्ये आलेला हाफ बाइट लोडर फक्त वरच्या थरात चालत असे. त्यात होमब्रू चालायचे, गेमच्या चोरट्या प्रती चालत नसत.

आपल्या कायद्यातही हा भेद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ६५ अ हे कलम आले. सुरक्षेचा उपाय भेदणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण तो हक्कभंगाच्या हेतूने भेदला असेल तर. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक आहे. तेथे मुळात भेदण्यावरच बंदी आहे आणि सवलती ठरावीक काळाने मागून घ्याव्या लागतात. हेतू पाहणारे आपले कलम मला अधिक न्याय्य वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१४ मध्ये पीएसपीची विक्री जगभर संपत आली. जुलै २०२१ मध्ये यंत्रावरून खरेदी करण्याची उरलीसुरली सोयही सोनीने बंद केली. यूएमडीचे यांत्रिक भाग झिजतात, आणि चकती वाचता आली नाही तर पैसे देऊन घेतलेला गेम मालकाच्या कपाटात असूनही निरुपयोगी होतो. कस्टम फर्मवेअर असेल तर यूएसबी वायर जोडून आपल्याच चकतीची प्रत संगणकावर घेता येते आणि मेमरी स्टिकवरून ती चालवता येते. म्हणजे जे कुलूप गेम सुरक्षित ठेवण्यासाठी घातले होते, ते आज उघडले तरच तो गेम वाचतो.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. यंत्र विकले जात आहे, गेम बनत आहेत, अपडेट येत आहेत, तोवर कुलपावर कंपनीचा दावा समजण्यासारखा आहे. तिने विक्री आणि आधार दोन्ही थांबवले, की कुलपाच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. उरतो तो फक्त यंत्राचा मालक. त्या दिवशी किल्ली त्याच्या हाती आली पाहिजे, आणि ती कंपनीने स्वतःहून द्यावी असा नियम हवा. पीएसपीच्या बाबतीत ती अनोळखी हौशी लोकांनी वर्षानुवर्षे खपून मिळवली. प्रत्येक यंत्राला असे लोक लाभतीलच असे नाही.

पुढील भागात : निन्टेन्डो ३डीएस. त्यातली चूक कारखान्यातच चिपमध्ये कायमची कोरली गेली होती, त्यामुळे विकलेल्या यंत्रांत कोणतेही अपडेट ती दुरुस्त करू शकत नव्हते. सही तपासणारा प्रोग्रॅमच चुकला तर काय होते, ते पाहू.