विद्युत ठेकेदार परवाना (महाराष्ट्र)

विद्युत ठेकेदार परवाना हा घरे, कारखाने इत्यादी ठिकाणी वीजमांडणीची कामे घेण्यासाठी राज्य शासनातर्फे दिला जाणारा परवाना होय. भारतीय वीज नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमाने तो आवश्यक ठरवला होता. वीज अधिनियम, २००३ खालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी ही तरतूद पुढे चालू ठेवली. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे तिच्यातून वगळली आहेत.

परवानाधारक ठेकेदाराने काम घेतले, तरी ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून (वायरमन) व्हावे लागते. महाराष्ट्रात हे दाखले अनुज्ञापक मंडळ देते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हे शैक्षणिक अर्हतेचा पुरावा असते. तोच परवाना, असा समज मात्र चुकीचा आहे.

नव्या जोडणीसाठी ठेकेदार आपल्या सहीचा चाचणी अहवाल देतो. घरगुती मांडणीत वीजवाहक तार व भूसंपर्क (अर्थिंग) यांच्यामध्ये ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट दिल्यावर निरोधन रोध किमान १ मेगओहम भरावा लागतो. या चाचणीतून तारेच्या आवरणाची स्थिती कळते, भूसंपर्काची नव्हे. किंबहुना भूसंपर्काची तार मध्येच तुटलेली असली, तरी आकडा उत्तमच येतो. मग बिघडलेल्या गिझरचे धातूचे कवच विद्युतभारित राहू शकते. त्यामुळे भूसंपर्काचा रोध स्वतंत्रपणे मोजतात. जागेवर न जाता केलेल्या सहीत नेमकी हीच तपासणी राहून जाते.