हेडफोन वायरलेस, आवाज डबडा? वायर लावायची की ब्लूटूथच बरं?

मागच्या काही भागांत आपण मोबाइलची बॅटरी, स्टोरेज वगैरे बोललो. आजचा विषय थेट कानाचा आहे.

सुरुवात घरातूनच करतो. दिवाळीला मंगरूळपीरला गेलो होतो. माझा मावसभाऊ नोकरी शोधतोय. त्यानं साठवलेल्या पैशातून ब्लूटूथ हेडफोन घेतला, कारण तीन दिवसांनी त्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. संध्याकाळी तोंड पाडून आला. म्हणाला, "दादा, गाणं आयकलं तं मस्त वाजते. पण मिटिंग जॉइन केली का आवाज डब्ब्यातून आल्यासारखा काऊन येते? माह्ये पैसे पाण्यात गेले."

तो हेडफोन अर्ध्या किमतीत विकून नवीन घ्यायच्या तयारीत होता. म्हटलं थांब, आधी बघू. हेडफोन एकदम ठणठणीत होता. भानगड वेगळीच होती.

माइक चालू झाला की आवाज का पडतो?

ब्लूटूथवर आवाज न्यायचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक फक्त ऐकण्यासाठी. त्याचं नाव ए२डीपी. त्यात स्टिरिओ आवाज मिळतो, पण एकाच दिशेनं, फोनकडून कानाकडे. दुसरा रस्ता कॉलसाठी, त्याला एचएफपी म्हणतात. त्यात आवाज दोन्हीकडे जातो, म्हणून जागा वाटली जाते. आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. सीडीचं सॅम्पलिंग ४४.१ किलोहर्ट्झ असतं, त्यावरून अंदाज घ्या. ८ किलोहर्ट्झला ४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर पोचतच नाहीत. 'स' आणि 'श' यातला फरकसुद्धा पुसट होतो.

मिटिंगच्या अ‍ॅपनं हेडफोनचा माइक चालू केला की फोन किंवा लॅपटॉप गुपचूप दुसऱ्या रस्त्यावर जातो. पाच हजारांचा हेडफोन असो की पाचशेचा नेकबँड, दोघांचं हेच होतं.

उपाय साधा आहे. लॅपटॉपवर मिटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा. हेडफोनचा माइक बंद राहिला की आवाज पुन्हा भरदार होतो. मोबाइलवर हा पर्याय सहसा मिळत नाही. तिथं इंटरव्ह्यूला सरळ वायरचा साधा इअरफोन लावा.

'एलई ऑडिओ' नावाची नवी पद्धत हा त्रास बराच कमी करते. पण ती फोन आणि हेडफोन दोन्हीत हवी. बॉक्सवर 'ब्लूटूथ ५.३' लिहिलंय म्हणजे ती आहेच, असं समजू नका.

आता गाण्यांकडे: कोडेक म्हणजे काय?

सीडीच्या आवाजाला सेकंदाला साधारण १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर ऐकताना एवढा माल सहसा जात नाही. मग फोन तो दाबून, बांधून पाठवतो आणि हेडफोन तिकडे सोडतो. कापसाच्या गाठी बांधतात तसंच. ही बांधायची पद्धत म्हणजे कोडेक. गाठ बांधताना थोडं काहीतरी सुटतंच.

एसबीसी हा सगळ्यांकडे असतोच. चांगल्या सेटिंगला तो साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो आणि लोक म्हणतात तितका वाईट नाही. एएसी आयफोनवर छान चालतो. अँड्रॉइडवर त्याची गुणवत्ता फोनफोनप्रमाणे बदलते. सोनीचा एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो आणि अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्येच आहे. अ‍ॅप्टएक्स क्वालकॉमचा.

इथं खूप जण फसतात. कोडेक दोन्हीकडे हवा. आयफोनमध्ये एसबीसी आणि एएसी एवढेच आहेत. त्यामुळे आयफोनवाल्यानं फक्त एलडॅकसाठी जास्त पैसे मोजले तर ते वाया गेले. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावापुढच्या चाकावर दाबा. तिथं 'एचडी ऑडिओ' किंवा कोडेकचं बटण दिसलं आणि ते बंद असलं तर चालू करा. आणखी खोलात जायचं असेल तर 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. सध्या कोणता कोडेक चाललाय ते तिथं दिसतं. बाकीच्या सेटिंगला मात्र हात लावू नका.

आणि ९९० दिसलं म्हणून लगेच तेच लॉक करू नका. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याच पट्ट्यात बरेच वाय-फाय राउटर आणि मायक्रोवेव्हही असतात. घरात शांत बसून ९९० छान चालेल. पण बसस्टँडवर किंवा बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेच्या गर्दीत तेच गाणं तुटक तुटक येईल. आपलं शरीरही हे सिग्नल अडवतं, म्हणून फोन मागच्या खिशात असेल तरी आवाज अडखळतो. बाहेर असताना कोडेक आपोआप बदलू द्या. न तुटणारा ३३० हा तुटणाऱ्या ९९० पेक्षा केव्हाही बरा.

मग वायर लावली की आवाज आपोआप चांगला?

नाही. वायर तीन प्रकारे लागते आणि तिन्हींचा निकाल वेगळा.

पहिला प्रकार, ३.५ मिमीची वायर, हेडफोन बंद. आता सगळं काम फोन करतो. पण वायरलेस हेडफोनचा आवाज आतल्या चिपनं सुधारलेला असतो. चिप झोपली की काही हेडफोन अगदी बारीक आणि पोकळ वाजतात. "वायर लावली तर आवाज आणखी बिघडला" अशी तक्रार येते ती यामुळे.

दुसरा प्रकार, तीच वायर, पण हेडफोन चालू. बऱ्याच मॉडेलमध्ये वायरनं आलेला आवाज आत पुन्हा डिजिटल होतो, सुधारला जातो आणि मग कानात येतो. सहसा हाच आवाज जास्त आवडतो.

तिसरा प्रकार, यूएसबी-सी वायर. यात आवाज डिजिटल स्वरूपातच जातो, ब्लूटूथसारखं दाबावं लागत नाही. सोय असेल तर हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. मात्र कित्येक हेडफोनचं यूएसबी-सी फक्त चार्जिंगपुरतं असतं. घेण्याआधी 'यूएसबी ऑडिओ' लिहिलंय का ते बघा.

फोनला ३.५ चं भोक नसेल तर छोटा डोंगल लागतो. तो घेताना आत डॅक चिप असलेलाच घ्या. डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. ती नसलेले स्वस्त डोंगल बऱ्याच फोनवर मुके राहतात. गेम खेळणाऱ्यांसाठी आणखी एक: गोळी सुटल्यावर आवाज उशिरा येत असेल तर वायरला पर्याय नाही.

खर्च न करता होणारी कामं

मूळ गाणंच खराब असेल तर पुढं काही सुधारत नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'ऑटो'वर असते. नेटवर्क पडलं की गाण्याचा दर्जाही पडतो. स्पॉटिफायवर 'व्हेरी हाय' म्हणजे साधारण ३२० केबीपीएस. आवडती गाणी वाय-फायवर त्याच दर्जात डाउनलोड करून ठेवा.

दुसरं, रबरी टिप. इअरबड्सच्या डब्यात तीन मापं येतात आणि आपण पहिलं लावतो ते कायमचं. कान नीट बंद झाला नाही तर बास गळून जातो. माप बदलून बघा. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, त्यात काही गैर नाही.

आता तपासायचं कसं? अजय-अतुल यांनी 'सैराट'च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. 'याड लागलं' लावा, डोळे मिटा. व्हायोलिनचा ताफा गायकाच्या मागं पसरलेला जाणवतो का? मग कोडेक बदला, वायर लावा, तेच गाणं पुन्हा ऐका. व्हॉल्यूम मात्र तिन्ही वेळा सारखा ठेवा, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. फरक कळलाच नाही तर आनंद माना, तुमचे पैसे वाचले.

शेवटची गोष्ट, खरं तर पहिली

मावसभाऊ फुल व्हॉल्यूम करून झोपतो. त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ठीक. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास उरतात. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. हेडफोन बदलता येतो, त्या बदलता येत नाहीत. रस्त्यावरच्या गोंगाटामुळे व्हॉल्यूम वाढवावा लागत असेल तर टिप नीट बसवा किंवा नॉइज कॅन्सलेशन वापरा.

बाकी इंटरव्ह्यू त्यानं माझ्या जुन्या वायरच्या इअरफोनवर दिला. निकाल अजून आलेला नाही. पण समोरच्यानं एकदाही "आवाज येत नाही, परत सांगा" म्हटलं नाही, एवढ्यावर गडी खूश आहे. आणि तो नवा हेडफोन? विकला नाही. रात्री गाणी ऐकतो, आता निम्म्या व्हॉल्यूमवर.

तुमच्या फोनवर कोणता कोडेक चाललाय ते आज बघा आणि घरात कोणी फुल आवाजावर ऐकत असेल तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर कान सांभाळा!