यकृताच्या रुग्णानं रात्री उपाशी का झोपू नये?

सिरॉसिसच्या रुग्णाचं पोट फुगलेलं दिसतं, पण दंड चाचपला तर हाडच हाताला लागतं. वजनकाटा फसवतो, कारण झिजलेल्या स्नायूंचं वजन पोटात साचलेलं पाणी भरून काढतं. स्नायू झिजतात ते मुख्यतः रात्री. निरोगी यकृत जेवणातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि झोपेत थोडीथोडी रक्तात सोडतं. सिरॉसिसमध्ये व्रणांनी आक्रसलेल्या यकृतात हा साठा तुटपुंजा असतो. तो लवकर संपतो आणि मग सरपण संपल्यावर घराचे वासे चुलीत घालावेत तसं शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर बनवतं. निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांच्या उपासानं जे होतं, ते इथे एका रात्रीत घडतं.

‘पण प्रथिनांनी अमोनिया वाढून गुंगी येते, म्हणून डाळ-अंडी बंद,’ हा सल्ला अजूनही कानावर येतो. अमोनियाची भीती खोटी नाही. मात्र यकृत थकल्यावर अमोनियाचा निचरा करायला स्नायूच पुढे येतात, आणि पथ्याच्या नावाखाली आपण त्यांनाच उपाशी ठेवतो. बार्सिलोनातल्या 2004 च्या चाचणीत आहारातली प्रथिनं कमी केलेल्यांची गुंगी काही लवकर उतरली नाही, उलट शरीरातली प्रथिनं जास्त मोडली. आता किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. शिवाय झोपण्यापूर्वी सुमारे 50 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साधारण दोन पोळ्या आणि कपभर दूध. मधुमेह असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं; लोणचं-पापड मात्र टाळावेत, मिठानं पोटातलं पाणी वाढतं.