रहीम साहेबांनी काय काय काढून घेतलं

हेलसिंकी, १९५२ : युगोस्लाव्हिया १०, भारत १. मेलबर्न, १९५६ : युगोस्लाव्हिया ४, भारत १. दोन्ही ऑलिंपिकमधले सामने, दोन्ही वेळा समोर पुढे रौप्यपदक मिळवणारा संघ. दोन्ही सामने आपण हरलो, पण मेलबर्नमध्ये मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता आणि उत्तरार्धात पहिला गोल आपण केला. मधल्या चार वर्षांत आपल्याकडे ना नवी मैदानं झाली, ना कुठून पैसा आला. खेळाडू मात्र सुधारले. ते कसे, हे बघायचं तर १९४८ ते १९६२ हा सगळाच काळ नजरेखालून घालावा लागतो.

१९४८ साली लंडनला गेलेले आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, फार तर पायाला पट्ट्या गुंडाळून. फ्रान्सकडून २-१ असा निसटता पराभव झाला, त्यात दोन पेनल्टी वाया गेल्या. तिकडच्या प्रेक्षकांनी कौतुक केलं आणि आपणही त्यातच खूष राहिलो. माझ्या मते ते कौतुक आपल्याला बाधलं. उघड्या पायाला चेंडू छान कळतो, छोटे पास सुरेख जातात, कोरड्या मैदानावर चपळाई दिसते. पण ओल्या गवतावर तोच पाय घसरतो, आणि लांब पल्ल्याच्या फटक्यात किंवा चेंडूसाठी बूटवाल्याशी भिडताना उघडा पाय नकळत हात राखून खेळतो. हेलसिंकीच्या थंडीत हे सगळं एकदम अंगावर आलं. त्या दहा गोलांनंतर फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले.

प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. सगळ्यांचे रहीम साहेब. आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्यांच्याच संघानं दिल्लीच्या पहिल्या एशियाड स्पर्धेत इराणला १-० हरवून सुवर्ण आणलं होतं. पेशानं ते शाळामास्तर, आणि मला त्यांच्या सगळ्या पद्धतीचं मूळ तिथेच दिसतं. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडवला. मुंबईकरांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं या पोलिसांनी रोव्हर्स कप जिंकला, तोही कूपरेजवर, मुंबईच्या नाकावर टिच्चून. त्या काळी गाजलेले संघ म्हणजे कलकत्त्याचे. त्यांच्याकडे नावाजलेले खेळाडू होते, हैदराबादकडे रियाज होता.

आता त्या रियाजाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. खेळाडू सुधारायचा म्हटलं की आपल्याला काहीतरी जास्तीचं द्यावंसं वाटतं : जास्त धावणं, जास्त कसरती, जास्त उपकरणं. रहीम साहेब उलट करायचे. खेळाडूला जे सहज येतं तेच काढून घ्यायचे. पोरांसाठी त्यांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. कच्च्या पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवल्या. नुसता सराव ठेवला असता तर पोरांनी तो उरकला असता. स्पर्धा म्हटली की ईर्ष्या येते, आणि ईर्ष्येपोटी पोरगं कंटाळवाणं काम न कुरकुरता करतं. हे मास्तरालाच सुचणार.

ड्रिब्लिंग बंद केलं की काय होतं ते मैदानाच्या कडेला उभं राहून बघण्यासारखं असतं. एरवी चेंडू पायात आल्यावर खेळाडू मान वर करतो आणि मग विचार करतो. इथे चेंडू आला की तो लगेच द्यायचा आहे, त्यामुळे विचार चेंडू येण्याआधीच उरकावा लागतो. मान आपोआप वळायला लागते, एकदा मागे, एकदा बाजूला. चेंडू थांबवणारा पहिला स्पर्शही बदलतो, कारण चेंडू पायाशी मरून पडला तर पुढचा पास अडतो, तो अर्धं पाऊल पुढे, मोकळ्या बाजूला सरकवावा लागतो. आणि ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही उभं राहून चालत नाही. सोबत्याला पास द्यायला कुणीतरी लागतोच.

कच्च्या पायाचं दुखणं तर आपण भलत्याच ठिकाणी शोधतो. उजव्या पायाचा खेळाडू डाव्यानं मारायला गेला की चेंडू वर उडतो किंवा भरकटतो, आणि आपण डाव्या पायाला नावं ठेवतो. जरा उजव्याकडे बघावं. आयुष्यभर ज्यानं फटके मारले तो पाय आता टेकू झालेला असतो, आणि एका पायावर सगळा भार घेऊन स्थिर उभं राहायची सवय त्याला नसते. तो चेंडूपासून लांब पडतो, गुडघा ताठ राहतो, धड मागे झुकतं, चेंडू आकाशात जातो. डाव्यानं शंभर फटके मारताना खरी तालीम उजव्याची होत असते. भिंतीसमोर दहा पावलांवर उभं राहून कुणीही हे करून बघावं, फक्त नजर टेकूच्या पायावर ठेवावी.

मेलबर्नला याचं फळ दिसलं. हंगेरियन संघानं १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ लोळवलं होतं, त्यांचा सेंटर फॉरवर्ड मागे येऊन खेळत होता. रहीम साहेबांनी ती चाल आपल्या संघात आणली. आक्रमणातला एक जण मागे ओढला की त्याला अडवणारा बचावपटू बुचकळ्यात पडतो : पाठलाग करावा की जागा धरावी? पण ही चाल चालते ती एका स्पर्शात, दोन्ही पायांनी पास देणाऱ्यांकडूनच. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ हरवलं, त्यात नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. गोव्याचा हा मुलगा मुंबईच्या मैदानांवर खेळलेला. शेवटी चौथा क्रमांक मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये त्यापुढे आपण कधी गेलो नाही.

रोमचं १९६० थोडक्यात सांगतो : फ्रान्सशी १-१ बरोबरी, हंगेरीशी १-२ हार, पेरूशीही हार, घरी परत.

जकार्ता, १९६२. एशियाडच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला २-० हरवलं. त्यानंतर थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे बचावाचा कणा. बाकी कुणी प्रशिक्षक त्याला बाकावर बसवता, नाहीतर पट्टी बांधून परत बचावात उभा करता. रहीम साहेबांनी त्याची जागाच काढून घेतली आणि उपांत्य फेरीपासून त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. पूर्वी तो आघाडीवर खेळलेला होता, हे त्यांच्या लक्षात होतं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया, आणि प्रेक्षकांचा मोठा गट भारताच्या विरोधात हुर्यो उडवत होता, त्याला फुटबॉलबाहेरचं राजकारण कारण होतं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी पूर्वार्धातच एकेक गोल केला. २-१. सुवर्ण.

कर्णधार होता चुनी गोस्वामी, आणि चुनीचं ड्रिब्लिंग ही त्या काळातली बघत राहण्याची गोष्ट होती. ड्रिब्लिंगवर बंदी घालणाऱ्या माणसाच्या संघाचा कर्णधार असा! मला यात विसंगती वाटत नाही. बंदी शिकणाऱ्या पोरांसाठी होती. ज्याला पास देता येतो त्यानं ड्रिबल करावं की नाही हे तो निवडू शकतो. ज्याला पास देताच येत नाही त्याच्यापुढे निवड कुठली?

जकार्ताच्या वेळी रहीम साहेब आजारी होते. जून १९६३ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानं ते गेले. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं, तेव्हा प्रशिक्षक जी. एम. एच. बाशा होते आणि कर्णधार हैदराबादी परंपरेतला सय्यद नईमुद्दीन. त्यानंतर एशियाडमध्ये फुटबॉलचं पदक आलेलं नाही.

२०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला आणि साहेबांचं नाव नव्या पिढीच्या तोंडी बसलं. आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरांत आता शंकूंच्या रांगा असतात, दोरीच्या शिड्या असतात, आईबाप मोबाइल घेऊन चित्रण करतात, आणि पोरगं शंकूंमधून चेंडू काढताना खरंच छान दिसतं. शंकू मात्र अंगावर येत नाही, म्हणून मान खालीच राहते. जिल्ह्याजिल्ह्यात स्पर्धाही होतात, उत्कृष्ट गोलरक्षकाला बक्षीस असतं, उत्कृष्ट आघाडीवीराला असतं. फक्त कच्च्या पायानं खेळायची स्पर्धा मात्र माझ्या पाहण्यात एकही नाही, आणि तिला खर्च तर नियमांच्या कागदावर एक ओळ वाढवण्याइतकाच येईल.